बादलीखालचा घट

आज बटरमध्ये पांढरं अ‍ॅस्परॅगस परतताना तो ओलसर, मातकट वास आला आणि मी थेट न्यूझीलंडमधल्या पापाकुराच्या जुन्या घराच्या बॅकयार्डमध्ये जाऊन उभी राहिले.

तिथं अ‍ॅस्परॅगस लावल्यावर तीन वर्षं थांबून त्या ऑक्टोबरात, तिथल्या स्प्रिंगमध्ये, पहिले कोंब मिळणार होते. ऊन लागून हिरवे पडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर काळी बादली पालथी घातली होती. पुण्याहून आलेल्या आईनं ती उचलून पाहिली. अंधारात वाढलेले पांढुरके कोंब, त्यात नवरात्र! "अगं, हा तर घटच बसलाय," म्हणत तिनं हळदकुंकू वाहिलं. "आता दसऱ्यापर्यंत सुरी लावायची नाही."

"आई, जून होतील गं!"

"होऊ देत."

दसऱ्याला पाहिलं तर कोंबांनी बादली डोक्यावर उचलून धरली होती. बुडखे लाकडासारखे झालेले. शेंडे तेवढे तूप-जिऱ्यात शिजले, माणशी दोन घास. पण त्याआधी, घटातलं धान्य खोवतात तसा एक कोंब आईनं माझ्या नवऱ्याच्या कानावर खोवला, आणि तो तसाच शेजाऱ्यांना "किया ओरा" असा माओरी नमस्कार करून आला.

तेव्हा मी जाम चिडले होते. आता नव्या घरच्या वाफ्यातले कोंब रोज वेळेवर कापते. एकच कोंब मागे ठेवते. दसऱ्याला नवरा स्वतःहून कान पुढे करतो.