आधी रिकामं मोज

थोरियमकाका कुणाच्याही घरी गेले की खिशातला गोल गाळणकागद काढून किरणोत्सारी धूळ असेल म्हणून आधी टेबल पुसत, मगच चहाला हात लावत. सरकारी प्रयोगशाळेत तीस वर्षं थोरियम आणि युरेनियम शुद्ध करण्यात गेली. निवृत्त होऊन गावी, रोहण्याला परतले तरी खोड गेली नाही. बसले तरी पाय हलतच. म्हणत, "किरणं दिसत नाई पोरी, म्हणून स्वस्थ बसता येत नाई."

मी तेव्हाही पत्रकं काढायची. गावात बाटलीचं दूध पिणारी दोन लेकरं निळी पडली, दवाखान्यातून कशीबशी वाचून आली. दोघांचं दूध एकाच विहिरीच्या पाण्यात कालवलेलं. विहिरीच्या वरच्या अंगाला खदान. मी उसनं किरणमापक आणून विहिरीच्या कट्ट्यावर ठेवलं, ते टिकटिकलं. बस्स! 'खदानवाल्याने विहिरीत अणुविष सोडलं!' मथळा तयार.

काकांनी मला घरी नेऊन तेच यंत्र स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवलं. तितकंच टिकटिकलं.

"आता माह्या ओट्यावर पत्रक काढ! दोन्हीकडं ग्रॅनाइटच आहे, त्यात थोडी किरणं असतेच. आधी रिकामं मोजाव, मंग भरलेलं."

"तुम्ही शेवटी सरकारचेच!" मी तडकले.

ते येरझारा घालू लागले. "वर्षभर मले युरेनियमात बोरॉन सापडून राह्यलं होतं. अणुभट्टीत ते चालत नाई. सोबतच्या बाईचीच चूक म्हणून मी तिले चारचौघांत बोललो, तिनं बदली घेतली. अन् बोरॉन येत होतं माह्याच काचेच्या भांड्यातून! रिकामं भांडं मोजलंच नव्हतं. तिची माफी मागाची राहून गेली."

पाणी त्यांनीच तपासलं. किरणं नाहीत, नायट्रेट मात्र भरमसाट; तान्ही लेकरं त्यानंच निळी पडतात. ते झिरपत होतं विहिरीला खेटून असलेल्या संडासाच्या खड्ड्यांतून. खड्डे आमच्याच गल्लीचे. एक आमच्या घरचा.

खदानवाल्याला सोडून स्वतःच्या गल्लीवर पत्रक? दोन दिवस मी फणफणत फिरले. काका त्या दोन घरी दुसऱ्या विहिरीचं पाणी पोचवत राहिले. "तू कर विचार. लेकरं थांबत नाई."

शेवटी काढलं. पहिला खड्डा आमचा लिहिला. ग्रामसभेत एकजण ओरडला, "खदानवाल्याची झाली काय वं?" काका भिंतीशी उभे होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "माहं नाव नाई टाकलं, बरं केलं. मोजलेलं तेवढं टाकत जाय."

खड्डे हलले, तेव्हा काका हयात नव्हते. खदानीची धूळ मात्र उडतेच आहे. तिला मी सोडणार नाही. परवा धूळ नसलेल्या गावात जाऊन आधी तिथली हवा मोजून आले.

काकांचं खरं नाव इथेही टाकलेलं नाही.