भरती येईपर्यंत चहा

नोरीन पास्कोला रस्त्यावरून चालताना पाहिलं, की वाटावं ही बाई आता पडते की मग पडते. गुडघे पार गेलेले. पण तीच नोरीन सकाळी समुद्रकाठच्या तलावात उतरली की नुसती मासोळी! काळ्या खडकांत भिंत घालून केलेला तो तलाव. भरतीला पाणी आत यायचं आणि ओहोटीला भिंतीआड थांबायचं. बॅरागुल गावातल्या पोरांना नोरीननं तिथंच पोहायला शिकवलं होतं. शाळेची बसही वर्षानुवर्षं तीच चालवायची, त्यामुळे तिच्या धाकाबाहेरचा माणूस गावात सापडणं कठीण.

भिंतीला तडा गेला आणि नगरपालिकेनं ठरवलं, भिंत पाडायची. गावानं सह्या गोळा केल्या, सभागृहात जाऊन भांडण केलं, तेव्हा कुठं फेरविचार करायचं ठरलं. तो व्हायचा होता पुढच्या सभेत, संध्याकाळी. पण भिंत पाडायचं यंत्र आधीच ठरलेलं होतं त्याच दिवशी सकाळी, आणि ते थांबवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"पडलेल्या भिंतीवर कसला फेरविचार करणार?" लिनेट कडाडली. निवृत्त मुख्याध्यापिका लिनेट ही या लढ्याची पुढारी. तिला भोंग्याची गरज नव्हती, तरी तिनं तो आणला होता. "संध्याकाळपर्यंत भिंत टिकली पाहिजे. कुणीही जागचं हलायचं नाही!"

म्हणून त्या सकाळी वाळूकडे उतरणाऱ्या वाटेवर बायका घडीच्या खुर्च्या टाकून बसल्या. अंगात पोहायचे कपडे, डोक्याला रबरी टोप्या, खांद्यावर पंचे. नोरीन बरोबर मधोमध. यंत्र धडधडत आलं. वर चालकाच्या जागेवर डॅरिल, दाढी वाढवलेला, पाय समोरच्या फळीवर टाकून; शेजारी त्याचा मदतनीस.

"नोर, सरक ना जरा."

"आधी पाय खाली घे."

डॅरिलनं चटकन पाय खाली घेतले. घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण आता चाळिशीचे आहोत. बायका खो खो हसल्या.

बरोबर आलेल्या तरुण पोलीस शिपायानं डोकं खाजवलं. "हे बघा, चहाच्या सुट्टीपर्यंत बसा. चहा झाला की उठायचं. नाहीतर मला तुम्हाला उचलून बाजूला ठेवावं लागेल."

"उचल की," नोरीन म्हणाली. "पण गुडघ्यांना धक्का लागला तर तुझ्या आईला फोन करीन."

चहाची वेळ झाली. त्या गावात चहाच्या वेळी भांडणसुद्धा खाली ठेवतात. यंत्र बंद झालं. डॅरिल खाली उतरला, खडकावर टेकला आणि त्यानं खिशातून दुकानातली बिस्किटं काढली. सुकी, तीही तुटलेली.

नोरीनला ते बघवेना. आपण काय करतोय हे कळायच्या आत ती उठली, टोपली उचलली आणि लंगडत त्याच्याकडे निघाली. टोपलीत पहाटे भाजलेले स्कोन, म्हणजे छोटे गोडसर पाव, होते, जॅमची बरणी आणि घट्ट साय.

"नोरीन! रांग सोडलीस!" लिनेट भोंग्यातून गरजली.

"अगं, पोरगं सुकी बिस्किटं खातंय."

"ते पोरगं तुझा तलाव फोडायला आलंय!"

"फोडू दे. पण उपाशीपोटी नको."

नोरीन उठली तशी दुसरी बाई थर्मास घेऊन उठली, तिसरी कप घेऊन. बघता बघता खुर्च्या रिकाम्या झाल्या. नोरीननं मागं वळून पाहिलं. वाट सताड उघडी! मी हे काय करून बसले?

पण वाट उघडी असून उपयोग काय, सगळे खात होते. पोलिसानं स्कोनवर आधी साय लावली.

"आधी जॅम!" लिनेट ओरडली.

"आमच्या घरी आधी सायच लावतात, बाई."

"मग तुमच्या घरी चुकतंय!"

झालं. वाद पेटला. डॅरिल जॅमच्या बाजूनं, त्याचा मदतनीस सायीच्या. खात्री करून घ्यायला प्रत्येकाला आणखी एक स्कोन लागला. दुसरा थर्मास उघडला. मध्येच डॅरिल म्हणाला, "नोर, याच तलावात माझी हनुवटी धरून ठेवायचीस, आठवतं? एक दिवस सोडलीस आणि मला सांगितलंच नाहीस."

"सांगितलं असतं तर बुडाला असतास."

तेवढ्यात एक लाट त्याच्या बुटांवर येऊन फुटली. डॅरिलनं खाली पाहिलं. यंत्राला भिंतीपर्यंत जायला लागणारी वाळू पाण्याखाली गेली होती.

"अरेच्चा! भरती." त्यानं कप झटकला. "आता नाही जायचं यंत्र. पुढची ओहोटी अंधार पडल्यावर, आणि अंधारात मी काही खडकावर जात नाही."

मग लिनेटनं भोंगा तोंडाला लावला आणि नुसती किंचाळली. बायका पंचे भिरकावून पाण्यात धावल्या.

"काय डाव टाकलास गं!" लिनेट नोरीनला मिठी मारत म्हणाली.

"कसला डाव? बिस्किटं खरंच सुकी होती."

संध्याकाळच्या सभेला अख्खं गाव पंचे खांद्यावर टाकून गेलं. पुष्कळ आरडाओरड झाली आणि शेवटी ठरलं, भिंत राहील; तडा मात्र गावानं बुजवायचा.

शनिवारी ओहोटीला डॅरिल कुणी न बोलावता सिमेंट घेऊन हजर. तड्याशी बसला, थापी हातात घेतली आणि टोपलीकडे बघत म्हणाला, "नोर, चहाची वेळ झाली की."

तलावातून नोरीनचं डोकं वर आलं.

"हात चालव, लेका! आज चहा भरती आल्यावर."