आत्याला नवरा कुठून आला

टीव्हीवरच्या मालिका मला कधी आवडल्या नाहीत, आणि टीव्ही घरात आला त्या दिवसापासून मी हे बायकोच्या तोंडावर सांगत आलो. माझं म्हणणं साधं आहे. शेवटची टीप मारून दोरा तोडल्याशिवाय कपडा होत नाही, नुसतं कापडच राहतं. मालिका म्हणजे तसलं कापड. तागा उलगडतोच आहे, उलगडतोच आहे. तिथं माणूस मरत नाही. मेलाच तर सहा महिन्यांनी दुसरं तोंड घेऊन येतो आणि घरातली सगळी त्याला ओळखतात. एक बाई जिना उतरते, त्यात एक भाग जातो. कोणी काही बोललं की वीज कडाडते आणि एकच तोंड तीनतीनदा दाखवतात.

"अगं, हिची मान लचकली का काय?" मी विचारायचो.

"तुम्ही आत जा आणि तुमचे डबे बडवा," ती म्हणायची.

डबे म्हणजे रॉक. मी शिंपी. कंटोनमेंटमधल्या एका दुकानात कटिंग मास्तर होतो तेव्हा गिटार वाजवणारी पोरं बेलबॉटम शिवायला यायची. सव्वीस इंचांचा बॉटम, मांडीला इतकी तंग की बसता येऊ नये. मी म्हटलं, असली पँट घालून हे करतात तरी काय, ते बघू. रविवारी बागेत त्यांचा कार्यक्रम असायचा, तिथं गेलो, आणि मग दर रविवारी गेलो. इंग्रजीतलं एक अक्षर मला कळत नाही, आजही नाही. कळायची गरजही नाही. गाणारा असा ओरडला पाहिजे की वाटावं, याचं बोट मशीनच्या सुईखाली गेलंय. गिटार जरा मळकी हवी, धार गेलेल्या करवतीसारखी. सगळ्यात मोठा माणूस ढोल बडवणारा. तो चुकला तर बाकीचे कितीही चांगले असोत, बाही उलटी बसली म्हणायचं. आणि गाणं चार-पाच मिनिटांत संपलं पाहिजे. धाडकन. मला त्यातलं सगळ्यात जास्त काय आवडायचं तर हे, की ते संपतं.

हल्लीचे बँड मला नको. देवनहळ्ळीकडच्या एका मैदानात मुलानं एकदा नेलं होतं. आवाज इतका स्वच्छ, जसा फिनेलनं पुसलेला. ढोल बडवणाऱ्याला घामसुद्धा नव्हता.

माझी बायको बेळगावची. आमच्या घरात कितीतरी पिढ्या मराठी बोलतात, पण मी शिकलो कानडी शाळेत, तेही चौथीपर्यंत. मराठी अक्षरं मला हिनं शिकवली, लग्नानंतर, दुकानाच्या मापवहीत. छाती, कंबर, उंची हे तीन शब्द आधी. आताही हे मी मापवहीतच लिहितो आहे.

मागच्या वर्षी पावसाळा सरताना तिच्या पोटात दुखायला लागलं. दवाखान्यात ठेवलं, तपासण्या झाल्या. डॉक्टरनं मुलाला आणि मला बाहेर बोलावलं. पोटात गाठ. फार पसरलेली. दोन महिने, फार तर. मुलगा भिंतीला हात लावून उभा राहिला. मग तोंड धुऊन आला आणि म्हणाला, "आईला काही सांगायचं नाही. साधी गाठ आहे म्हणायचं, दिवाळीला घरी नेणार म्हणायचं. अप्पा, तुम्ही विशेष सांभाळा. तुमच्या तोंडाला झाकण नाही."

खरंच नाही. गिऱ्हाइकाला पोट सुटलं तर मी सुटलं म्हणतो. पण त्या दिवशी मी मान हलवली.

रोज अकरा वाजता मी डबा घेऊन जायचो. तिची रोजची एक मराठी मालिका होती, संध्याकाळी सातची. फोनवर दाखवायला गेलो तर औषधांमुळं तिला हलणारं चित्र सोसेना, बघितलं की उलटी. म्हणून म्हणाली, "तुम्ही बघा आणि येऊन सांगा."

"मी?"

"मग कोण, डॉक्टर?"

पहिले चार दिवस मी खरंच बघितली. मापवहीत टिपून नेलं. मोठी सून रडली. धाकटा दीर खोटं बोलला. आत्यानं तिजोरीची किल्ली लपवली. ही आत्या म्हणजे त्या घरातली पांढऱ्या साडीतली विधवा, सगळ्यांच्या मुळावर उठलेली, आणि माझ्या बायकोची सगळ्यात लाडकी. "खरी बाई तेवढीच आहे त्यात," ती म्हणायची. "बाकीच्या नुसत्या दागिने घालून उभ्या."

पाचव्या दिवशी मला जमेना. सात वाजले, टीव्हीवर वीज कडाडली आणि मी तो बंद करून कॅसेट लावली. दुसऱ्या दिवशी काय सांगायचं? उरलेल्या कातरणांची पिशवी शिवतात तशी गोष्ट शिवली. दीर पळून गेला, सुनेला चिठ्ठी सापडली, आत्यानं किल्ली पिठाच्या डब्यात टाकली. ती हसली. म्हणाली, "कालचा भाग बरा होता हो."

खरं सांगतो, मला अभिमान वाटला. त्यानंतर मी मालिका बघितलीच नाही. सातला कॅसेट आणि अकराला थाप. रिक्षात बसून जुळवायचो.

पण किल्लीनं घोळ केला. मी ती एकदा पिठात ठेवली, एकदा देवघरात, एकदा आत्याच्या अंबाड्यात. बायकोला सगळं आठवायचं. "अंबाड्यात होती ना? मग देवघरात कशी?" रोज तिचं हेच. मी माझ्याच दोऱ्यात अडकलो. दोरा फार गुंतला की शिंपी काय करतो? कात्री लावतो. मी ठरवलं, आत्यालाच काढून टाकू.

त्या दिवशी डबा उघडला, झाकण पलंगावर उलटं ठेवलं, मऊ भात कालवायला घेतला.

"काल काय झालं?" तिनं डोळे मिटूनच विचारलं.

"आत्या आजारी पडली."

"अगंबाई. काय झालं तिला?"

"पोटात गाठ निघाली."

"मग?"

"मग काय. डॉक्टरनं पोराला बाहेर बोलावून सांगितलं, दोन महिने."

"आणि तिला?"

"तिला नाही सांगितलं. सगळे तिच्यासमोर हसतात. दिवाळीला घरी नेऊ म्हणतात."

हे मी बोलत होतो आणि माझं लक्ष भातातल्या मिठाकडं होतं. किल्लीतून सुटलो, एवढंच डोक्यात होतं. माणूस खोटं रचतो तेव्हा बाहेरून काही आणत नाही, जवळ पडलेलंच उचलतो. मला ते तेव्हा कळलं नाही.

"आणि तिचा नवरा?" ती म्हणाली.

"तो रोज डबा घेऊन जातो. तो पण गप्प."

तिनं डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं, डब्याकडं बघितलं.

"आत्याला नवरा कुठून आला हो?"

चुकून म्हणालो, दीर म्हणायचं होतं, असं काहीतरी पुटपुटलो. चमच्यातला भात चादरीवर सांडला.

"किती दिवस झाले कळून? त्या नवऱ्याला?"

"अकरा," मी म्हणालो.

खोटं सुचायला हवं होतं. इतके दिवस रोज सुचत होतं. तेव्हा सुचलं नाही.

तिनं चादरीवरचा भात बोटांनी गोळा केला. मग म्हणाली, "द्या तो भात. गार होतोय."

तीन चमचे खाल्ले. नर्स आली, "अक्का, इन्नू स्वल्प," अजून थोडं, म्हणून चमचा पुढं केला. तिनं मान फिरवली. नर्स गेल्यावर मला म्हणाली, "पोराला सांगू नका मला कळलंय म्हणून. तो इतका जीव लावून हसतो, हसू दे."

त्यानंतर ती पलंगावर पडून मालिकाच करत होती. मुलगा यायचा, म्हणायचा, "आई, दिवाळीला चकल्या तूच करायच्या." ती म्हणायची, "भाजणी आत्ताच दळून ठेवा म्हणावं, ऐनवेळी गिरणीत गर्दी असते." मुलगा बाहेर जाऊन जिन्यात रडायचा. ती आत भिंतीकडं तोंड करायची. आणि मी दोघांच्या मध्ये डबा घेऊन बसलेला. वीज कडाडायची तेवढी बाकी होती.

गोष्ट तिनं परत विचारली नाही. एकदा मीच म्हणालो, आज खरंच बघून येतो. "नको," म्हणाली. "तुमचं ते डबडं आणा. बघू तरी, जन्मभर काय ऐकलंत." मी हरखलो. छोटा कॅसेट प्लेअर नेला, माझं सगळ्यात आवडतं गाणं लावलं, हळू आवाजात, तिच्या उशीशी. तिनं अर्ध्यापर्यंत ऐकलं.

"बंद करा. डोकं दुखतं."

बंद केलं. माझ्या गाण्यावर तिचं तेच शेवटचं. पुढं काही चांगलं बोलली असं लिहायला मला आवडलं असतं, पण बोलली नाही.

दोन महिने सांगितले होते. त्या भाताच्या दिवसानंतर एकोणिसाव्या दिवशी ती गेली. दिवाळीला अजून वेळ होता. डॉक्टर म्हणाला, असं होतं, आमचा अंदाज चुकतो. चुकत असेल. पण त्या दिवसानंतर तिनं तीन चमच्यांवर कधी खाल्लं नाही, हे डॉक्टरला माहीत नाही. मला माहीत आहे. चमचा माझ्या हातात होता.

घरी माणसं भेटायला आली. मुलगा प्रत्येकाला एकच वाक्य सांगायचा, "आईला शेवटपर्यंत कळू दिलं नाही आम्ही. शांतपणे गेली." माणसं म्हणायची, पुण्यवान. मुलाचा तेवढ्यानं जीव निवायचा. मी कोपऱ्यात बसून पायाचं नख खरवडायचो. चामराजपेटेतले एक जुने शेजारी मला म्हणाले, "अण्णा, तुम्ही इतके तोंडाळ, तुम्ही कसं सांभाळलंत हो?" मी पाणी प्यायला उठलो.

सून पुण्याची. कंपनीतलं काम घरूनच करते, आणि काम संपलं की तासभर टीव्हीला तो खेळाचा डबा जोडून खेळते. हातात बंदूक, कानाला ते मोठं लावलेलं. लोक म्हणतात व्हिडिओ गेम वाईट. मला मालिकेपेक्षा बरे वाटतात. गोळी लागली की माणूस पडतो. सासू जिना उतरून येत नाही. कोणी कोणापासून काही लपवत नाही. किती जीव उरलाय त्याची लाल पट्टी डोक्यावरच दिसते, सगळ्यांना. फक्त एक पटत नाही. पडलेला परत उठतो.

एक दिवस ती म्हणाली, "अप्पा, ट्राय करा ना." हातात ते यंत्र दिलं. माझा अंगठा जाड, एक कळ दाबायला गेलो की दुसरीच दाबली जाते. माझा माणूस चालत चालत पुलावरून खाली पडला, मेला.

"गेला," मी म्हणालो.

"चिल, अप्पा. लास्ट सेव्ह पॉइंटला जाता येतं."

"म्हणजे कुठं?"

"म्हणजे मागं. चूक करायच्या आधी तुम्ही जिथं होता ना, तिथं."

मी ते यंत्र सोफ्यावर ठेवलं आणि मागच्या दारी जाऊन नळाखाली हात धरून उभा राहिलो. मला माझी जागा पक्की ठाऊक आहे. अकरा वाजलेत. झाकण पलंगावर उलटं आहे. ती डोळे मिटून म्हणते, काल काय झालं? आणि मी म्हणतो, आत्यानं किल्ली तुळशीत पुरली. बस. एवढंच म्हणायचं होतं. किल्लीचा घोळ वाढला असता, वाढू दिला असता.

आता मी रोज सातला ती मालिका बघतो. एक भाग चुकवत नाही. मुलाला वाटतं, आईच्या आठवणीनं बघतात. मी आत्याला बघायला बसतो. ती जिवंत आहे. गाठ नाही, खोकला नाही. पांढऱ्या साडीत जिना उतरते, पूर्ण एक भाग उतरते, आणि मी म्हणतो, उतर बाई, सावकाश उतर. कॅसेट मी त्यानंतर लावलेली नाही. धाडकन संपणारं मला आता सोसत नाही.

मागच्या आठवड्यात मुलगा ऑफिसातून आला आणि माझ्या शेजारी बसला. बूट काढता काढता पडद्याकडं बघत म्हणाला, "ही म्हातारी अजून आहे? आई हिच्यावर काय खूश होती!" मग थोड्या वेळानं, नेहमीसारखंच, "बरं झालं अप्पा, आईला कळलं नाही."

मी आत्याकडं बघत राहिलो. त्याच्याकडं बघून मला सांगता आलं नाही. गिऱ्हाइकाला पोट सुटलं म्हणणारा मी.

म्हणून लिहिलं. मुलगा इंग्रजी शाळेत शिकला, त्याला मराठी वाचता येत नाही. ही वही उद्या सुनेला देणार आहे, ती टाईप करणार आहे. अप्पांना रॉकबद्दल काय वाटतं ते लिहिलंय, असं तिला सांगितलंय. ती टाईप करत भातापर्यंत येईल आणि थांबेल. मग त्याला हाक मारेल, वाचून दाखवेल. दाखवू दे. आई सगळं कळूनही त्याच्यासमोर हसत होती, हे त्याला कळलं पाहिजे. आणि तिला ते कोणामुळं कळलं, तेही.

मी तेव्हा घरातच असेन, बाहेर जाणार नाही. तो येऊन काय बोलेल ते बोलेल. सात वाजले असले तर टीव्ही बंद करीन.