दोन बालद्यांतल्या कुर्ल्या

नुसत्या चिखलाच्या जोरावर मी एका प्रजातीच्या दोन प्रजाती केल्या, आणि त्याही इन्स्पेक्टरसाहेबांच्या समोर.

मुक्तीनंतर, म्हणजे पोर्तुगीज गेल्यावर, पाळी गावात नवी शाळा निघाली होती, तिथे मी विज्ञान शिकवायचो. उमेदवारीची दोन वर्षं संपत आली होती. साहेबांना धडा आवडला तर नोकरी कायम, नाहीतर परत हळर्णला, वडिलांच्या शेतात.

धडा होता, एका प्रजातीच्या दोन कशा होतात. पुस्तकात कुठले दूरदेशीचे पक्षी होते. मुलांना ओळखीचं काही दाखवावं म्हणून मी घरच्या शेतातल्या काळ्या कुर्ल्या, म्हणजे खेकडे, बालदीत घालून आणल्या. बसमध्ये शेजारचा माणूस शेवटपर्यंत पाय वर घेऊन बसला. दुसऱ्या बालदीत पाळीच्या, लोखंडाच्या खाणीलगतच्या ओहोळातल्या. त्या चक्क तांबड्या! मला आभाळ ठेंगणं झालं.

धडाही रंगला. "समजा, सगळ्या कुर्ल्या एकाच प्रजातीच्या. मध्ये नदी आली, डोंगर आला. इकडच्यांची तिकडच्यांशी गाठच पडेना. हजारो पिढ्या इकडे एक बदल साठतोय, तिकडे दुसराच. शेवटी कुणी एकत्र आणून सोडल्या तरी त्यांना मिळून पिल्लं होत नाहीत. झाल्या की नाही दोन? ह्या बघा!"

साहेब पुढे वाकले, वहीत काहीतरी लिहिलं. मनातल्या मनात मी कायम झालो.

तेवढ्यात साहेबांना पाणी द्यायला शाळेच्या शिपाईणबाई आल्या. त्या सावंतवाडीकडच्या, नवरा खाणीवर ट्रक चालवायचा. तांबड्यांच्या बालदीत डोकावून म्हणाल्या, "अगे बाये, सुकान मरतली ही!" आणि साहेबांचा तांब्या कुर्ल्यांवर उपडा केला.

पाणी तांबडं झालं. कुर्ल्या काळ्या.

वर्ग बाकं बडवून हसला. साहेबांनी विचारलं, "मास्तर, आणल्यावर धुतल्या नाहीत?"

"धुणार होतो, साहेब. पण चावतात."

साहेबांचं पोट हलायला लागलं. "धडा बरोबर आहे, कुर्ल्या तेवढ्या चुकल्या," म्हणत त्यांनी माझ्या कागदावर कायम करण्याची शिफारस लिहिली. मी बाईंकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

त्यांनी माझ्या एकेकाळच्या पांढऱ्या सदऱ्यावरून नजर फिरवली. "मास्तरांनू, दोन वर्सां हय रवान सदरो तांबडो झालो, पण अक्कल होती तशीच रवली!"