बाप्यांचा माईक

बिलोलीत एका घरी जेबाने बाईला बाळंतपणाबद्दल विचारलं. उत्तर नवऱ्याने दिलं, "आमाला लई त्रास झाला बगा." हिमायतनगरला सुनेच्या शेळ्यांबद्दल सासरा बोलत राहिला आणि सून चहाचे कप उचलत राहिली.

लातूरच्या एका लहानशा रेडिओ केंद्रासाठी जेबा 'माझं रान' हा कार्यक्रम करायची. रान कसणाऱ्या बाईने स्वतःच्या तोंडाने बोलावं, एवढीच त्याची अट. आधी तो रेडिओवर लागायचा, मग पॉडकास्ट होऊन मोबाइलवर फिरायचा. जेबाचा निम्मा वेळ पुरुषांचे आवाज कापण्यात जायचा. ते कापले की मागे बाईची अर्धीमुर्धी वाक्यं उरायची, ढोरं शिरून गेलेल्या तुरीसारखी. 

उपाय घरातच सापडला. तिचे वडील निजामोद्दीन नांदेडात लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. लग्नात माईक हिसकावणाऱ्या पाहुण्यांसाठी ते एक बंद माईक ठेवत. बँडच्या गोंगाटात कुणाला पत्ता लागत नसे. "बेटा, आदमी कू हात में माईक होना. आवाज नै आया तो भी चलता," ते हसून सांगत. तेव्हापासून जेबाच्या पिशवीत एक बिघडलेला रेकॉर्डर असायचा. त्याचा लाल दिवा लागायचा, आत काही उतरायचं नाही.

निलंग्याजवळच्या गावात तो हणमंतरावांपुढे ठेवला गेला. ते केंद्राच्या सल्लागार समितीवर होते. सोयाबीनचा पुरस्कार त्यांच्या नावावर होता, रान मात्र त्यांची बायको तुळजाबाई सांभाळायची. हणमंतराव ओसरीवर लाल दिव्याशी तासभर बोलले. आत चालू रेकॉर्डरपुढे तुळजाबाईंनी जेबाला सांगितलं, "पेरनी मी केली, फवारनी मी केली, सोयाबीनच्या गंजीवर राखनीला मी निजले. फोटूत ते हायत."

कार्यक्रम लागण्याआधी केंद्रप्रमुख आनंदराज यांनी तो ऐकला.

"हणमंतरावांचा आवाज कुठाय?"

"नाहीये, सर."

"नाहीये म्हणजे? उद्या त्यांना बोलावतो. त्यांचं घे, बाईंची दोन-चार वाक्यं ठेव."

"मग नाव बदला. 'माझ्या बायकोचं रान' ठेवा."

"थट्टा नको, जेबा. समिती रुसली तर केंद्राला कुलूप लागेल."

दुसऱ्या दिवशी हणमंतराव फेटा बांधून आले. फोटोसाठी तुळजाबाईंनाही आणलं होतं.

"तू भायेर बस," स्टुडिओच्या दाराशी ते बायकोला म्हणाले.

"मावशी आत बसतील," जेबा म्हणाली. "कार्यक्रम त्यांचा आहे."

तिने दोघांपुढे माईक ठेवले, दोन्ही चालू केले आणि समोर बसली.

"पुन्हा कामून बोलायचं?" हणमंतराव कुरकुरले. "त्या दिशी बोललो की सगळं."

"ते उतरलं नाही, काका. मी उतरवलंच नव्हतं. तुमच्यापुढचं यंत्र बिघडलेलं होतं. ते मुद्दाम ठेवलं होतं."

हणमंतरावांचा चेहरा लालभडक झाला. "म्हंजे तासभर मी भिंतीशी बोलून राहिलो?"

"आन मी लग्न झाल्यापून कुणाशी बोलून राहिले?" तुळजाबाई म्हणाल्या.

काचेपलीकडून आनंदराज दोन्ही हातांनी 'बंद कर' सांगत होते. जेबाने तिकडे पाहिलं नाही.

"पुसा हे!" हणमंतराव ओरडले.

"मावशी, हे तुमचं आहे. पुसायचं की लावायचं, तुम्ही सांगा."

"घरी चल, मंग बगतो तुला."

तुळजाबाईंनी पदर खोचला. "बगा की. रोजच बगता." मग जेबाकडे वळल्या. "लाव, माय. त्यांचं वरडनंबी लाव. पुसू नगं."

ते गेल्यावर आनंदराज जेबाच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "हे लावलंस तर उद्यापासून येऊ नकोस."

"सर, चार वर्षं मी बायकांच्या बोलण्यातून पुरुष कापतेय. तुम्ही एका शब्दात बाई कापायला सांगता. जमणार नाही."

तिने एक श्वासही न कापता ते सगळं पॉडकास्टवर चढवलं. संध्याकाळी केंद्राने ते काढून टाकलं, पण तोवर निलंग्याच्या फोनांवर ते पोचलं होतं.

जेबा आता वडिलांच्या दुकानामागे बसून स्वतःचा पॉडकास्ट काढते. पहिला फोन तुळजाबाईंचा आला. घरात कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं.

"त्रास होतोय का, मावशी?"

"व्हतोय की. भाकरी हानली परवा अंगावर," त्या म्हणाल्या. "तू यंत्र घिऊन ये. आजून लई ऱ्हायलंय."