टिंग वाजायच्या जागी

भुताखेतांचं कोणी सांगायला लागलं की मला राग येतो. भीती नाही, राग. कारण शोधायचा आळस, दुसरं काय... आणि आता मीच सांगायला बसलोय.

साल २००४. रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. मिरकरवाड्यातल्या शबानाभाभी बिघडलेला कॉम्प्युटर घेऊन आल्या. त्यांचे मिस्टर सलीमभाई मस्कतला बोटीवर होते, तिकडेच वारले. शेवटच्या सुट्टीत त्यांनी लेकीसाठी, सनासाठी, माइकवर काहीतरी बोलून ठेवलं होतं.

"दादा, बाकी सगलं गेलं तरी चालंल. तेवडा आवाज काढून द्या."

डिस्कवरच्या फाइल्स निघाल्या, पण नावं उडालेली. हजारो फाइल्स, कुठली कशाची कळेना. मग प्रत्येकीचा हॅश काढला. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा – आत एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. विंडोजच्या फाइल्सच्या ठशांची यादी माझ्याकडे होती. जुळेल ती कंपनीची, उरेल ती घरची. उरले लग्नाचे फोटो आणि सनाने काढलेली चित्रं. आवाज नाहीच. परत परत केलं, डोकं फिरायची वेळ आली.

शेवटी त्याच डिस्कवर विंडोज नव्याने टाकून कॉम्प्युटर त्यांच्या घरी जोडून दिला. "नाही सापडला" म्हणणार, तेवढ्यात सनाने काहीतरी चुकीचं दाबलं. अशा वेळी टिंग वाजतं ना... त्या जागी एका माणसाचा आवाज आला – "सना, जेवलीस काय गो?"

भाभी स्पीकरजवळ सरकल्या. "त्यांचाच," एवढंच म्हणाल्या.

वाजलेली फाइल शोधून मी हॅश काढला. यादीतलाच. विंडोजची साधी टिंगची फाइल, घरोघरी असते ती. सीडीवर घेऊन दुकानात लावली – टिंग. भाभींच्या घरी स्पीकरला टेपरेकॉर्डर लावला. आवाज आम्ही तिघांनी ऐकला, कॅसेटवर मात्र टिंग. ठसा खोटा म्हणावं तर माझं सगळं कामच खोटं.

तेव्हापासून सना मुद्दाम चुकीचं दाबते आणि "जेवले, अब्बा" म्हणते.

कॉम्प्युटर आता म्हातारा झालाय. पॉवर सप्लाय बदलला, पंख्यात तेल घालतो, कसातरी चालवतोय. मित्र म्हणतात, कारण कशाला शोधतोस, देवाची करणी समज. अरे, कारण कळलं तर आवाजाची कॉपी करता येईल, एवढंच हवंय मला.

परवा सनाचा फोन आला. "काका, डिस्क खरखर करते." खरखर म्हणजे डिस्क कधीही कायमची बंद पडणार.

स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो खरा... पण उघडायचा धीर झाला नाही.