बारशात गेलेली रजा

बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा संपत आली, तेव्हा अंधेरीच्या ऑफिसात माझी बढती जवळजवळ ठरलेली होती. साहेबांची अट एकच, नवीन क्लायंटचं काम आल्याआल्या हातात घ्यायचं आणि सुरुवातीला दांडी मारायची नाही. मी हो म्हटलं. नवऱ्यालाही बाप झाल्याबद्दल कंपनीकडून दोन आठवडे रजा होती. बाळ पाळणाघरात रुळेपर्यंत तो घरी थांबेल, असा माझा हिशोब.

डोंबलाचा हिशोब. ती रजा त्याने बारशातच उडवली होती. बोरिवलीला हॉल बघायचा, पेढे की बर्फी यावर केटररचं डोकं खायचं, कोकणातल्या पाहुण्यांना जुहू दाखवायचं. मला वाटलं होतं, साधी रजा काढली असेल. विचारलं तर म्हणाला, साधी रजा गणपतीला गावी जायला नको का?

पाळणाघरात बाळ रडून रडून तापलं. सासूबाईंना गुडघ्यांमुळे त्याला उचलवेना. मग घरी कोण बसणार? मीच. तेवढ्यात क्लायंट माझ्यानंतर लागलेल्या एकाकडे गेला, आणि बढतीही त्याच्याकडेच. साहेब म्हणाले, सध्या घराकडे लक्ष द्या. जसं काही घर माझ्या एकटीचंच होतं.

माझी नणंद स्वीडनला असते. तिथे बापाच्या वाट्याची रजा बापानेच घ्यायची, नाहीतर ती फुकट जाते. तिच्या बाळापाशी तिचा नवरा कितीतरी महिने घरी होता. सासूबाई मात्र नातेवाइकांना सांगायच्या, जावई घरून काम करतात.

माझी बढती हुकली त्याच महिन्यात नणंदेला मिळाली. सासूबाईंनी सोसायटीभर पेढे वाटले आणि शेवटचा माझ्या हातावर ठेवला.

"बघ, तिने कसं दोन्ही सांभाळलं. तुला झेपत नसेल तर अर्धा वेळ कर बाई."

माझं डोकंच फिरलं.

"आई, बाळ तिच्या नवऱ्याने सांभाळलं. रजा घेऊन. तुमच्या मुलाच्या रजेत आपण पेढे की बर्फी ते ठरवत होतो."

त्यांनी पेढ्यांचा रिकामा खोका मिटवला. मग म्हणाल्या, "पण बारसं झकास झालं ना गं?"

सोफ्यावरून नवऱ्याने मान डोलावली. त्या वर्षी त्याचा पगार वाढला. माझा होता तिथेच राहिला.